रविवारी पत्र्याला भोक

आमच्या वेस्टरकर्कमध्ये रविवारी आवाज करायची मुभा दोघांनाच आहे, चर्चच्या घंटेला आणि तान्ह्या मुलांना. बाकीच्यांनी सकाळची उपासना, दुपारचं जेवण, एक डुलकी आणि मग दुसरी उपासना, एवढंच करायचं. गवत गुडघ्याएवढं वाढो नाहीतर मका शेतात वाळून जावो, यंत्र शेडमध्येच. आयोवाच्या या कोपऱ्यात आमच्या डच पणजोबांनी आम्हाला जमीन दिली आणि हा नियम दिला. जमीन विकणारे बरेच निघाले. नियम विकणारा अजून निघायचा आहे.

म्हणून जानेवारीतल्या त्या रविवारी, सकाळच्या उपासनेहून परतताना, शेजारच्या रोझेबूमांच्या छपराला शिडी लावलेली दिसली तेव्हा मी गाडी माझ्या दारात न थांबवता त्यांच्याच दारात नेली. नुसत्या चौकशीसाठी एवढे कष्ट मी घेत नाही. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. पण शिडीखाली ट्विला रोझेबूम उभी होती, एवढ्या थंडीत कोट न घालता, आणि दोघं नवराबायको आज उपासनेला आलेले नव्हते.

"वर्ला, बरं झालं आलीस," ती म्हणाली. "आत ये आणि वास घे."

असं आमंत्रण मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं. मी आत गेले आणि दारातच नाकाला रुमाल लावला. गटाराचा वास कुठल्याही भाषेत समजावून सांगावा लागत नाही.

प्रकरण असं होतं. ट्विलाचे वडील हार्मन टे स्ला. आयुष्यभर चर्चचे पंच राहिलेले, गावातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी बोलावून जाब विचारलेला माणूस. आता त्यांचं हृदय थकलं होतं, फुफ्फुसांत पाणी होत होतं, आणि वृद्धाश्रमातल्या डॉक्टरांनी ट्विलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता महिन्यांची भाषा करू नका. म्हाताऱ्याचं मागणं एकच होतं: मरायचं ते लेकीच्या घरात. मग ट्विलाचा नवरा डेल्विन याने खालच्या मजल्यावरची कोठीची खोली फोडून तिथे नवीन न्हाणीघर केलं. उंच कमोड, भिंतीला धरायच्या दांड्या, चाकाची खुर्ची सरळ आत जाईल असा उंबरा नसलेला शॉवर. आणि त्याच्याच शेजारी म्हाताऱ्याचा पलंग.

आणायचं होतं सोमवारी. पण रात्रीपासून हिमवादळ येणार, रस्ते बंद होणार, म्हणून आश्रमातून सकाळीच फोन आला होता: आज दुपारी आणतो, नाहीतर वादळ सरल्यावर. सोबत नर्स येईल, घर बघेल, पसंत पडलं तर ठेवेल.

"वादळ सरेपर्यंत बाबा..." ट्विलाने वाक्य अर्ध्यावर सोडलं. "आणि या वासात ती बाई प्राणवायू लावलेल्या माणसाला ठेवेल का? मी असते तर ठेवलं नसतं."

डेल्विन नव्या न्हाणीघरात शॉवरच्या जाळीपाशी पालथा पडून आत टॉर्च मारत होता. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गडी, हात बरे, तोंड कमी.

"बघ वर्ला," तो म्हणाला आणि जाळीत तांब्याभर पाणी ओतलं. "आता वास थांबेल. जाळीखालच्या नळीच्या वाकणात पाणी बसलं की गटाराचं दार बंद. बरोबर?"

"बरोबर."

"आता कमोडचं पाणी सोड."

मी सोडलं. कमोड धडधडला आणि लगेच शॉवरच्या जाळीतून असा आवाज आला, जसा एखादा म्हातारा बशीतली शेवटची कॉफी ओढून घेतो. पाठोपाठ वास.

"ओढून नेलं," डेल्विन म्हणाला. "कमोडचं पाणी खाली जाताना मागे हवा लागते. हवा वरून मिळाली नाही तर ते शेजारच्या वाकणातलं पाणी ओढतं. म्हणजे हवेचा पाइप बंद आहे. वर छपरावर त्याच्या तोंडाशी बर्फ धरला असणार. जातो, फोडतो, येतो."

"तो पाइप तू नवीन टाकलास?"

"छे! नव्या पत्र्याला भोक पाडू म्हणतेस? कोठीच्या भिंतीत जुनाच होता, स्वयंपाकघरातल्या सिंकचा. वर जाताना दिसला, त्याला जोडून टाकलं."

"वर पोचतो का ते बघितलंस?"

"वर गेलेला पाइप वरच जाणार ना! तो काय अर्ध्यातून परत येतो?"

"ऑक्टोबरपासून माझं सिंक ढेकरा देतंय," ट्विला दारातून म्हणाली. "हा म्हणतो, घर जुनं आहे. माझ्या आईचं घर याहून जुनं होतं, त्याने कधी ढेकर दिली नाही."

एवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. गेर्लोफ वासेनार. हार्मननंतर पंचांच्या खुर्चीत बसलेला, माझ्याबरोबर शाळेत असलेला, आणि रविवारी कुणाच्या घराला शिडी लागली तर ती पहिल्यांदा ज्याला दिसते तो.

"डेल्विन," तो टोपी काढत म्हणाला, "मी रागावून आलेलो नाही."

"मग आलास कशाला?" मी विचारलं.

"तू इथे काय करतेस?"

"वास घेते आहे. तूही घे."

त्याने घेतला. ट्विलाने त्याला सगळं सांगितलं: वादळ, नर्स, हवेचा पाइप. गेर्लोफ शांतपणे ऐकत होता आणि मी गेर्लोफकडे बघत होते. लोखंडी सामानाच्या दुकानात गल्ल्यावर निम्मं आयुष्य गेलं माझं. माणूस खिळे मागतो तेव्हा तो काय मोडून आलाय हे चेहऱ्यावरून कळतं.

"उद्या सकाळी करू," गेर्लोफ म्हणाला. "उजाडताच मी स्वतः येतो. आज खिडक्या उघड्या ठेवा. बैल विहिरीत पडला तर शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशीही काढावा, हे शास्त्रातलं मला ठाऊक आहे. पण इथे बैल कुठे आहे?"

"बैल दुपारी आश्रमाच्या गाडीतून येतोय," ट्विला म्हणाली. "तुला त्याचं नाव माहीत आहे."

एरवी यावर गेर्लोफ हसला असता. तो हसला नाही. त्याची नजर पुन्हा छताकडे गेली. मघापासून ही तिसरी की चौथी वेळ.

"गेर्लोफ," मी म्हटलं, "वास खालून येतोय. तू सारखा वर काय बघतोस?"

तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. डेल्विन जमिनीवरून उठला.

"छपराचे पत्रे तुम्हा मंडळींनीच टाकलेत," तो हळूच म्हणाला. "ऑक्टोबरात. मी कापणीवर होतो."

खरं होतं. चर्चच्या गड्यांनी मिळून शनिवारी एका दिवसात ते छप्पर घालून दिलं होतं. आमच्याकडे उपकारांची वही कुणी ठेवत नाही, पण जमा-नावे सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि डेल्विनने त्या छपरासाठी तेव्हापासून अर्ध्या गावाचे ट्रॅक्टर फुकट दुरुस्त करून दिले होते.

"शेवटचा पत्रा राहिला होता," गेर्लोफ म्हणाला. "अंधार पडला होता. मागच्या बाजूला पाइप वर आलेला. त्याच्यासाठी पत्रा मापून कापायचा, पाणी गळू नये म्हणून पाइपभोवती रबराचा बूट बसवायचा, म्हणजे मध्यरात्र झाली असती. रविवार लागला असता. तर... पाइप फळ्यांच्या खाली कापला, तोंडात खाद्याचं पोतं कोंबलं, आणि अख्खा पत्रा ठोकून दिला. सोमवारी करू म्हटलं. सोमवारी पावसाचा अंदाज आला आणि सगळे मक्याच्या मागे लागले."

"आणि तू विसरलास?"

"विसरलो नाही."

"मग?"

"झाका म्हणून ज्याने सांगितलं, त्याचं नाव घ्यावं लागलं असतं."

खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. अर्थात त्याला दुसरंही कारण होतं.

"कोणी सांगितलं?" ट्विलाने विचारलं. पण तिचा चेहरा बघता उत्तर तिच्यापाशी पोचलं होतं.

"खाली अंगणात घड्याळ हातात धरून उभे होते," गेर्लोफ म्हणाला. "म्हणाले, देवाच्या दिवसाचा एक मिनिटही या छपराला द्यायचा नाही. झाका."

तेव्हा हार्मन चालत होते. आश्रमात गेले ते नोव्हेंबरात.

ट्विला रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. भिंतीवरचा नवऱ्याचा कोट काढून तिने त्याच्या अंगावर टाकला. "माळ्यावर मी जाते," ती म्हणाली. "तू छपरावर जा. गेर्लोफ, तुला घरी जायचं असेल तर जा, पण शिडीला हात लावू नकोस."

गेर्लोफ जागचा हलला नाही. मग टोपी घालून म्हणाला, "पाइपचा बूट माझ्या शेडमध्ये आहे. तेव्हाच आणलेला. आणतो."

वारा सुटला होता. पश्चिमेकडे आभाळ शिशासारखं झालं होतं आणि पत्र्यावर जुन्या बर्फाचा कडक थर होता. असल्या पत्र्यावर मांजरसुद्धा जात नाही. गेर्लोफने रबराचा बूट आणला, दोर आणला, आणि आपली पिकअप अंगणात पुढच्या बाजूला उभी केली. दोर तिच्या हुकाला बांधला, छपराच्या कण्यावरून मागच्या बाजूला टाकला आणि दुसरं टोक डेल्विनच्या कमरेला. डेल्विन घसरला तर पिकअप त्याला धरणार.

"किल्ली दे," मी गेर्लोफला म्हटलं.

"कशाला?"

"म्हणजे तू घाईत गाडी हलवून त्याला कण्यावरून ओढून पुढच्या अंगणात आणणार नाहीस."

त्याने किल्ली दिली. मी ती कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि घराच्या कोपऱ्यावर अशी उभी राहिले की दोन्ही बाजू दिसाव्यात.

माळ्यावर, कापलेल्या पाइपपाशी, ट्विलाने पत्र्याला खालून ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक. डेल्विन गुडघ्यांवर सरकत त्या आवाजामागे गेला, बर्फ खरवडला, पत्र्यावर खूण केली. गेर्लोफ शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून हत्यारं वर देत होता. मग डेल्विनने गोल करवत लावलेलं ड्रिल पत्र्याला टेकवलं.

तो आवाज! पत्र्यावर चालणारं ड्रिल एरवीही कानाला बरं वाटत नाही. रविवारी दुपारी, गाव डुलकीत असताना, तो पार धान्याच्या कोठारांपर्यंत गेला असेल. समोरच्या घरातला पडदा हलला. त्याच्या शेजारचाही. कोपऱ्यावरची बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली, आणि तिच्याकडे कुत्रा नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणाचा तरी मागून आणला असावा. गेर्लोफची मान लाल झाली होती. पण तो शिडीवरून उतरला नाही.

भोक अर्धं झालं असेल, आणि आश्रमाची गाडी आली.

पांढरी, उंच, मागे खुर्चीसाठी उतरता फळा असलेली. ड्रायव्हरने ती थेट पिकअपच्या नाकापर्यंत आणली आणि हॉर्न दिला. घराच्या दाराशी खुर्चीसाठी केलेला उतार नेमका पिकअपच्या मागे होता.

"ती पिकअप बाजूला घ्या!" तो ओरडला.

"नाही घेता येत," मी म्हटलं.

"किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग घ्या ना! वादळाच्या आत मला परत पोचायचंय."

नर्स खाली उतरली. मार्लिस नाव, चाळिशीची, नाक लांब. ते नाक बघून मला शॉवरची जाळी आठवली. "पेशंटला थंडीत ठेवता येणार नाही," ती म्हणाली. "लगेच वाट द्या, नाहीतर मी परत नेते. काय चाललंय काय?"

"या पिकअपच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या पेशंटचा जावई बांधलेला आहे," मी म्हटलं.

तिने दोराकडे पाहिलं, कण्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं आश्रमातल्या काही लोकांकडे पाहत असेल. तेवढ्यात मागून तो आवाज आला. आधी करर्, मग धप्प. बर्फाचा अख्खा थर पत्र्यावरून सुटला होता. मी कोपऱ्यावर धावले. डेल्विन त्याच्याबरोबर खाली येत होता, पालथा, हात पसरलेले. ड्रिल त्याच्या आधी अंगणात पडलं. दोर ताणला, पिकअप हुकापाशी कण्हली, आणि तो छपराच्या कडेला थांबला. पाय हवेत.

"दोर कण्यावर घासतोय!" गेर्लोफ ओरडला. कण्याच्या पत्र्याची धार नवी होती. दोराचा एक पीळ सुटलेला मला खालूनही दिसला.

माळ्यावर ट्विला ठोकत राहिली होती. तिला काही माहीतच नव्हतं.

तेव्हा गाडीतून आवाज आला. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं होतं आणि फळ्यावर चाकाच्या खुर्चीत, नाकाला नळी लावलेले, घोंगड्यात गुंडाळलेले हार्मन बसले होते. तिथून त्यांना घराची बाजू आणि कडेला लोंबणारे पाय दिसत असणार. आश्रमात ते पुटपुटत, असं ट्विला सांगायची. हे पुटपुटणं नव्हतं. असल्या आवाजात ते एके काळी चर्चच्या शेवटच्या बाकावर झोपलेल्यांना उठवायचे.

"डेल्विन! ओढू नकोस दोराला! डाव्या हाताला पत्र्याची वर आलेली घडी आहे, ती धर! गुडघा घडीवर! गेर्लोफ, शिडी सरकव त्याच्या पायाखाली, बघत काय बसलास!"

गेर्लोफ उतरला, शिडी उचलली आणि सरकवली. त्या वयात त्याने ती कशी उचलली, मला अजून कोडं आहे. डेल्विनचा बूट पायरी शोधत हवेत फिरला. सापडली. दोर सैल पडला.

हार्मन खोकू लागले. मार्लिस त्यांच्याकडे धावली. खोकला बराच वेळ थांबेना, आणि आम्ही सगळे, शिडीवरचा धरून, त्यांच्याकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी हात वर केला.

"भोक झालं का?" त्यांनी विचारलं.

"अर्धं," डेल्विन शिडीवरून म्हणाला. त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं.

"हवेचाच पाइप ना? मागच्या बाजूचा?"

"हो, बाबा."

म्हाताऱ्याने गेर्लोफकडे पाहिलं. गेर्लोफने जमिनीकडे. कुणी काही सांगायची गरज नव्हती. घड्याळ कुणी धरलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"परत नेते मी यांना," मार्लिस म्हणाली. "हे घर आहे का सर्कस?"

"बाई," हार्मन म्हणाले, "मी गाडीत बसतो. दार लावा, हीटर लावा. हा गडी खाली उतरेपर्यंत थांबा. मग आत या, हवा बघा. नाही आवडली तर न्या, मी तोंडातून शब्द काढणार नाही. आणि गेर्लोफ, दोराखाली कण्यावर कोट घाल. तुझा. चांगला जाड आहे."

गेर्लोफने अंगातला, चर्चला घालायचा, काळा लोकरीचा कोट काढून वर दिला. शर्टावर, त्या वाऱ्यात, तो शिडी धरून उभा राहिला.

उरलेलं भोक कापायला फार वेळ लागला नसेल. पण ड्रायव्हर आभाळाकडे बघत होता, मार्लिस गाडीच्या काचेतून, समोरच्या घरांतली माणसं आता उघडउघड दारात आली होती, आणि मी किल्ली खिशातून काढून मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचे दात उमटले. पत्र्याची चकती निघाली. खालून ट्विलाने पोतं उपसलं आणि न्हाणीघराच्या कामातून उरलेला पाइप जुन्याला जोडून वर सारला. पांढरं टोक भोकातून वर आलं. डेल्विनने त्यावर रबराचा बूट चढवला, कडेने पाणी शिरू न देणारा लेप भरला, स्क्रू आवळले. मग तो इंचाइंचाने उतरला. जमिनीला पाय लागल्यावर मी गेर्लोफला किल्ली दिली. तळहाताला चिकटली होती, सोडवून द्यावी लागली.

आत सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या. वाऱ्याने पडदे छताला लावले. हार्मनना खुर्चीसकट न्हाणीघराच्या दाराशी आणलं. डेल्विनने शॉवरच्या जाळीत पाणी ओतलं आणि बाजूला झाला.

"मी सोडते," मार्लिस म्हणाली. तिने कमोडचं पाणी सोडलं.

आम्ही सगळे जाळीकडे बघत होतो, विहिरीत डोकावतात तसे. कमोड धडधडला. जाळीतलं पाणी थरथरलं, थोडं खाली गेलं, परत वर आलं आणि तिथेच राहिलं. ढेकर नाही, ओढ नाही.

"पुन्हा," हार्मन म्हणाले.

तिने पुन्हा सोडलं. मग वरच्या मजल्यावरचं, सिंकमधलं, सगळं एकदम सोडायला लावलं. मग खिडक्या बंद करायला सांगितल्या आणि ते लांब नाक घेऊन ती जाळीपाशी गुडघे टेकून बसली. ट्विलाने माझं मनगट धरलं होतं. मला दुखत होतं, पण ती बोलायची वेळ नव्हती.

"साबणाचा वास येतोय," मार्लिस उठत म्हणाली. "आणि ओल्या लोकरीचा."

"तो माझा," गेर्लोफ म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"पलंग कुठे आहे?" मार्लिसने विचारलं.

एवढंच. पण ट्विला मटकन कमोडच्या झाकणावर बसली.

हार्मनना पलंगावर घेतलं, नळी लावली, औषधांचे डबे लावले. आश्रमाची गाडी गेली तेव्हा पहिले पातळ कण उडायला लागले होते. गेर्लोफला आम्ही चुलीजवळ बसवून कॉफी दिली. त्याच्या कोटाला मागे दोराने लांब चीर पाडली होती.

"पंचांच्या बैठकीत विचारतील," तो म्हणाला. "गावभर ऐकू गेलंय."

"विचारतील तर सांग," आतून आवाज आला. "ऑक्टोबरपासून सांग. माझ्या नावासकट. मला बोलवायचं असेल तर त्यांनी इकडे यावं, मी आता बाहेर जाणार नाही."

गेर्लोफने कप खाली ठेवला. थोड्या वेळाने हार्मननी पुन्हा हाक मारली, या वेळी हळू. "डेल्विन. मला उचल. जायचंय."

डेल्विन हनुवटीला पट्टी लावून भिंतीशी बसला होता. तो उठला, आणि तिथेच घुटमळला. "बाबा, बाटली देऊ का? म्हणजे... हे आजच केलेलं आहे. रविवारी. तुम्हाला चालेल का, म्हणून..."

"शब्बाथाला काम वर्ज्य आहे," हार्मन म्हणाले. "लघवी नाही. उचल."

डेल्विनने त्यांना उचललं. किती हलके झाले होते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दोघं आत गेले, दार लागलं. ट्विला दाराशी जाऊन उभी राहिली, कान लाकडाला लावून. आतून दोघांचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. मग पाणी सुटलं, धडधडत खाली गेलं. ट्विला ऐकत राहिली. मागे जाळीतून ढेकर आली नाही, नुसती शांतता.

तिने डोळे पुसले आणि बटाटे उकडायला टाकले.